मनात आलं म्हणजे ते करायचंच असतं असं नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीतल्या सल्ल्याच्या सदरात एका बाईंनी विचारलं होतं, नवऱ्याजवळ असताना मनात भलताच माणूस येतो, मी वाईट आहे का. उत्तर काय, तर नामस्मरण करा, मन कामात गुंतवा, संसारात काय कमी आहे ते शोधा. अहो, त्या बाईंना आधीच अपराधी वाटतंय, त्यात तुम्ही अजून भर घातली!

मी इथं कॉलेजला सायकॉलॉजी शिकवते म्हणून राहवलं नाही. विचार दाबला की तो जात नाही, उलट चिकटून बसतो. डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानी १९८७ मध्ये विद्यार्थ्यांना सांगितलं की पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर बेल वाजवा, आणि बेल वाजतच राहिली.

आणि फँटसी, म्हणजे मनात रंगवलेली लैंगिक कल्पना, हा काही बेत नव्हे. तिथं सगळं आपल्या हातात असतं, समोरचा आपण म्हणू तसाच वागतो, नको वाटलं की क्षणात बंद, ना दिवस जायची भीती ना शेजारच्या खोलीत सासूबाई. प्रत्यक्षात समोर खरा माणूस असतो, दमलेला असतो, नाही म्हणू शकतो. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये १,५१६ जणांना ५५ प्रकारच्या कल्पनांबद्दल विचारलं होतं (२०१४ ला छापून आलं), त्यात खरोखर दुर्मिळ निघाल्या फक्त दोन, लहान मुलांबद्दलची आणि प्राण्यांबद्दलची. समोरच्याच्या ताब्यात असण्याच्या कल्पना सांगणाऱ्या बऱ्याच बायकांनी हेही सांगितलं की प्रत्यक्षात हे अजिबात नको. कारण कल्पनेत सूत्रं तिच्याच हातात असतात, "जबरदस्ती बायकांनाही आतून आवडते" म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

हां, विचार सारखे येतात, किळस येते, झोप उडते, तर ती फँटसी नसून ओसीडी (नको ते विचार पुन्हापुन्हा येण्याचा मानसिक आजार) असू शकतो, त्यावर उपचार आहेत. मुलांबद्दल तसं आकर्षण वाटत असेल किंवा कुणावर जबरदस्ती करावीशी वाटत असेल तर लगेच सायकिअ‍ॅट्रिस्टकडे जावं, भिंतीवरच्या "गुप्तरोग" पोस्टरवाल्यांकडे नको.

र. धों. कर्व्यांनी १९२७ ला "समाजस्वास्थ्य" मासिक काढलं, अशा प्रश्नांना सरळ उत्तरं दिली, त्यापायी कोर्टाच्या पायऱ्याही चढले. तुम्हाला कोर्टात कोणी नेणार नाहीये, मग उत्तर द्यायला एखादा डॉक्टर किंवा समुपदेशक बसवा, खाली त्यांचं नाव आणि डिग्री छापा, आणि त्या बाईंना पुढच्या अंकात नीट उत्तर द्या.

एक वाचक,
गंगापूर रोड, नाशिक