पोरं इथंच राहू देत

बदलापूर,
६ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणालात, "हंगाम संपेपर्यंत दोन्ही पोरं गावी आणून सोड. तू खेळाकडे बघ." आई मागून म्हणाली की सुनेचीही ओढाताण थांबेल. मी "विचार करून सांगतो" म्हटलं. आम्ही दोघांनी विचार केला. पोरं इथंच, आमच्याजवळ राहतील. का, ते नीट सांगायला हवं म्हणून पत्र लिहितोय. फोनवर बाबा लगेच "बरं, तुमचं तुम्ही बघा" म्हणतात आणि माझं अर्धं बोलणं पोटातच राहतं.

आधी वेळापत्रक सांगतो. यंदा प्रो कबड्डी २९ ऑगस्टला विशाखापट्टणमला सुरू होतेय. तिथून जयपूर, मग चेन्नई आणि ऑक्टोबरच्या मध्यापासून दिल्ली. गणपती २७ ऑगस्टला बसतायत, म्हणजे मी आरतीला नसणार. दिवाळीतही आम्ही दिल्लीतच. गेल्या वर्षी हंगाम १८ ऑक्टोबरला हैदराबादला सुरू झाला तेव्हा निदान गणपती मिळाले होते, दिवाळी तेवढी गेली. यंदा दोन्ही सण गेले. आई, तुला याचं किती वाईट वाटतं ते ठाऊक आहे. मलाही वाटतं. गणपतीवरची माटवी बांधताना बाबांना शिडी धरायला मी नसेन, हे तर फार लागतं.

आता पोरांचं. मोठी दीड वर्षांची होती तेव्हा करोनातला तो बंगळुरूचा हंगाम झाला, डिसेंबर २०२१ ते फेब्रुवारी २०२२. प्रेक्षक नाहीत, सामने आणि मुक्काम एकाच हॉटेलात, बाहेर पाऊल टाकायची मुभा नाही. मी रोज व्हिडिओ कॉल करायचो आणि ती मोबाइलवर माझ्या नाकाला बोट लावून "बाबा" म्हणायची. त्यामुळे मी निर्धास्त होतो. घरी आलो, बॅग खाली ठेवून हात पुढे केले, तर ती आईच्या पाठीमागे गेली. मोबाइलमधला बाबा तिच्या ओळखीचा होता, दारात उभा असलेला माणूस नव्हता. माझ्याकडे यायला तिला बरेच दिवस लागले. आधी चेंडू दिला-घेतला, मग मी भरवलेला घास घेतला आणि एका रात्री झोपेत कूस बदलून माझ्या हातावर आली. त्या रात्री मी हात हलवला नाही.

आज धाकटा बरोबर त्याच वयाचा आहे. बापापासून तो यंदाही लांब राहणार, त्याला इलाज नाही. पण त्याच वेळी आईपासून, घरापासून आणि बहिणीच्या शाळेच्या गडबडीपासूनही त्याला तोडायचं, हे माझ्याने होणार नाही. तुमच्याकडे त्याला काही कमी पडेल म्हणून हे म्हणत नाही. आई, तुझ्या हातचा मऊभात तो दोन वाट्या खातो, इथे एक संपवायला आम्हाला तासभर लागतो. पण त्याच्या डोळ्यांसमोरून एकदम सगळंच हलू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

बाबा, तुम्ही गावसकरांचं उदाहरण दिलंत. १९७६ मध्ये रोहनचा जन्म झाला तेव्हा सुनील गावसकर न्यूझीलंडच्या दौऱ्यावर होते, हे खरं आहे. २०१९ मध्ये आपल्या अजिंक्य रहाणेची मुलगी जन्मली तेव्हा तोही विशाखापट्टणमला आफ्रिकेविरुद्धच्या कसोटीत खेळत होता. पण गेल्या नोव्हेंबरात मुलाचा जन्म झाल्यावर रोहित शर्मा पर्थच्या कसोटीला मुकला, आणि तो तर कर्णधार. काळ थोडा पुढे सरकलाय आणि मला ते बरं वाटतं. कबड्डीत ती मोकळीक अजून नाही. मी चार सामने बाहेर बसलो तर माझ्या जागी, बचावाच्या डाव्या कोपऱ्यात एखादा वीस वर्षांचा पोरगा उभा राहील, त्याच्या दोन अव्वल पकडी झाल्या की ती जागा त्याची. त्यात त्या पोराचा काही दोष नाही. मीही अशाच एका दुखापत झालेल्या दादाच्या जागेवर आत आलो.

गावात लोक विचारतात म्हणे, लिलावात दोन-दोन कोटी मिळतात, मग हा बायकोला नोकरी का करू देतो? यंदा लिलावात इराणच्या शादलूला २ कोटी २३ लाख मिळाले, हे त्यांनी टीव्हीवर पाहिलंय. माझ्यासारखे बरेचसे लिलावाच्या सी आणि डी या खालच्या गटांत असतात. सी गटाची मूळ किंमत १३ लाख, डीची ९ लाख. ही रक्कम एका हंगामाची. पुढच्या वर्षी संघाने ठेवलं नाही आणि लिलावात नाव पुकारल्यावर कोणी पाटी उचलली नाही, तर हाती उरते ती नोकरी. आणि पैशाचं जाऊ दे, तुमच्या सुनेला तिचं काम आवडतं. माझा खेळ चालावा म्हणून तिने ते सोडावं असं मी कधी म्हणणार नाही, आणि तुम्हीही तिला म्हणू नका. सामने रात्री आठला आणि नऊला असतात. नऊचा सामना असला की मोठीला झोपवून ती आवाज बंद करून एकटी बघत बसते. मला चढाईपटूचा गुडघा लागला की तिला कळतं, पण ती विचारते दुसऱ्या दिवशी, मोठी शाळेत गेल्यावर.

तुम्ही म्हणता, चार वर्षांचा खेळ, तेवढं सोसा. बाबा, चढाईपटूंच्या बाबतीत ते खरं असेल, कोपऱ्यातला माणूस टिकतो. बचावपटू धर्मराज चेरलाथन चाळिशी ओलांडल्यावरही कोपऱ्यात उभा राहून घोटे धरत होता. उडी आणि वेग कमी झाला तरी चढाईपटूचा पाय कधी वळणार ते डोळ्यांना आधी दिसतं आणि तेवढ्यावर खेळता येतं. मलाही अजून बरीच वर्षं खेळायचंय. म्हणूनच दरवर्षी "एवढा हंगाम जाऊ दे" म्हणत राहिलो तर मोठी दहावीला पोहोचेल. यातून मार्ग काढायचा तो आत्ताच, पोरं लहान असताना.

घरी असलो की मी काय करतो ते तुम्हाला माहीत नाही, कारण ते सांगायचं राहूनच जातं. सकाळचा सराव आटोपून आलो की धाकट्याची आंघोळ माझ्याकडे. दुपारी पाय बर्फाच्या पाण्यात ठेवून बसतो तेव्हा मोठी शेजारी स्टूल घेऊन तिची उजळणी म्हणते. माझ्या बोटांच्या पट्ट्या सोडायचं काम तिचं, दुसऱ्या कोणी केलेलं तिला चालत नाही. वजन ८५ किलोच्या आत ठेवायचं असतं, म्हणून त्यांच्या ताटात उरलेलं खायचं नाही असं मी ठरवलंय, आणि हे सगळ्यात अवघड जातं. खांदा दुखत असला तर फिजिओ सांगतो की पोरांना उचलू नको. मग मी खाली जमिनीवर आडवा होतो आणि ती दोघं अंगावर चढतात.

हे मला कुठून आलं, बाबा, तर तुमच्याकडून. तुमची मुक्कामी गाडी असायची. सकाळी आठ-नऊला घरी यायचात, डोळे लाल. तरी आई चहा टाकेपर्यंत माझी वही बघायचात, आणि सुट्टीच्या दिवशी शाळेमागच्या मैदानावर स्वतः फक्कीने मध्यरेषा आखून द्यायचात. तुम्ही किती रात्री घरी नव्हता ते मला आठवतही नाही. ती पांढरी रेषा आठवते.

तर आम्ही असं ठरवलंय. गणपतीला सून आणि पोरं सात दिवस गावी येतील आणि गौरी-गणपतींचं विसर्जन करून परत निघतील. आई, तेव्हा तूही त्यांच्याबरोबर इथे ये, महिनाभर राहा. तू घरात असलीस की सुनेला संध्याकाळी धावतपळत लोकल पकडावी लागणार नाही. बाबा भात कापून झाल्यावर या. आणि दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही सगळेच दिल्लीला या. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला आहे. सामना नसलेला एखादा दिवस तरी मिळेलच, पूजा तुमच्या खोलीवर करू. संघाच्या हॉटेलजवळ साधी जागा बघायला एका मित्राला सांगितलंय. मोठीने मला अजून मैदानात, समोर बसून खेळताना पाहिलेलं नाही. टीव्हीवर मी पडलो की ती रडते. मी पडून लगेच उठतोसुद्धा, हे तिने एकदा जवळून बघावं असं मला फार वाटतं.

मंगला एक्सप्रेसने कल्याणहून निघता येईल. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे १८-१९ ऑगस्टच्या सुमारास मला तिकिटं काढायला हवीत, मी विशाखापट्टणमला निघायच्या आधी. दोघांच्या आधार कार्डांचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवा, खालचे दोन बर्थ बघतो. दिल्लीत तेव्हा सकाळी गारठा सुरू झालेला असतो, बाबांचा स्वेटर आणि कानटोपी आईने आताच बाहेर काढून ठेवावी. बीपीच्या गोळ्या दोन महिन्यांच्या एकदम घ्या. भात कापणीला माणसं मिळत नसतील तर आधी कळवा, शेजारच्या काकांशी मी बोलतो.

तुमचा,
बंड्या