रविवारच्या बायबल ग्रुपबद्दल सूचना

सगळ्यांना नमस्कार, येत्या रविवारी सकाळच्या मिस्सानंतर चर्चमागच्या हॉलमध्ये बसायचंय, मागच्या वेळेसारखं चहा पिऊन अर्धे लोक पार्किंगमधूनच गायब होऊ नका प्लीज.

वाचन मत्तय २०, द्राक्षमळ्यातले मजूर. संध्याकाळी पाचला कामावर लागलेल्यालाही मालक पूर्ण एक दिनारच (म्हणजे अख्ख्या दिवसाची मजुरी) देतो आणि सकाळपासून राबलेले कुरकुरतात, आपण दरवेळी देवाच्या कृपेवर बोलून मोकळे होतो, पण पाचला घेतलेल्यांना मालक आधी विचारतो काय, दिवसभर रिकामे का उभे, तर ते म्हणतात आम्हाला कोणी कामावर घेतलंच नाही. हे वाक्य घोडबंदर रोडच्या नाक्यावर सकाळी दहानंतर थापी नि डबा घेऊन उभं राहिलेल्यांना वाचून दाखवा, समजवायची गरज पडत नाही. सोबत याकोब ५:४ पण वाचून या, अडवून ठेवलेली मजुरी ओरडते असं तिथे स्पष्टच लिहिलंय. पोप लिओ तेरावे १८९१ मध्ये मजुरीवर बोलले ते फादर थोडक्यात सांगतील (थोडक्यात म्हणजे किती ते तुम्हाला माहितीये).

नंतर तासभर नाका कामगारांचे बांधकाम कामगार कल्याण मंडळातल्या नोंदणीचे फॉर्म भरायचेत. वय १८ ते ६०, आणि वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो, तिथेच सगळं अडतं, गेल्या खेपेला एका ठेकेदाराने सही द्यायला तीन चकरा मारायला लावल्या. ज्यांना मराठी टायपिंग येतं त्यांनी लॅपटॉप आणा, बाकीच्यांनी आधार नि बँक पासबुकच्या झेरॉक्स लावायला बसा. स्टेपलर कुणीतरी आणा, हॉलमधला बिघडलाय.