जाहिरातींच्या चुकीच्या वर्गवारीबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
मालमत्ता खरेदी-विक्री संकेतस्थळ विभाग

विषय: प्लॉट व फ्लॅटच्या जाहिरातींची वर्गवारी दुरुस्त करणे आणि सशुल्क योजनेची रक्कम परत मिळणे.

महोदय/महोदया,

मी नांदेडची रहिवासी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. निवृत्ती जवळ आली आहे. नांदेडमध्ये घर बांधायला एक प्लॉट हवा होता. मुलगा शेंद्र्याच्या एका कारखान्यात लागला, म्हणून छत्रपती संभाजीनगरात त्याच्यासाठी लहानसा फ्लॅटही पाहायचा होता. दर वेळी रजा काढून रेल्वेने चार-पाच तास जाणं जमत नाही. घरबसल्या निवड करून मोजक्याच जागा पाहायला जावं, या विचाराने मी आपली सशुल्क योजना घेतली. ‘पडताळणी केलेल्या जाहिराती’ हे शब्द वाचूनच मी पैसे भरले होते.

जाहिरात कोणत्या खान्यात पडावी, हे आपण पूर्णपणे विकणाऱ्यावर सोडलं आहे आणि त्याची झळ घेणाऱ्याला बसते, ही माझी तक्रार आहे.

सगळ्यात गंभीर प्रकार ‘प्लॉट’ या खान्यातला. त्यात एनए (बिगरशेती) लेआउटमधला प्लॉट, गुंठेवारीचा (लेआउट मंजूर न करता गुंठ्या-गुंठ्याने पाडून विकलेला) प्लॉट, गावठाणातली जागा आणि शेतजमिनीचा तुकडा, सगळं एकत्र आहे. आमच्याकडे कोणीही जाणता माणूस पहिला प्रश्न विचारतो तो ‘एनए आहे का, रजिस्ट्री होते का?’ हाच. भाव त्यानंतर. मंजूर लेआउटमधल्या एनए प्लॉटची रजिस्ट्री होते, बँक कर्ज देते, बांधकामाची परवानगी मिळते. गुंठेवारीचा प्लॉट असेल तर 2001 च्या गुंठेवारी कायद्याखाली तो नियमित झालाय की नाही, यावर सगळं अवलंबून. आणि शेतजमीन असेल तर आमच्यासारख्या, नावावर शेती नसलेल्या माणसाला ती परवानगीशिवाय घेताच येत नाही. मराठवाड्यात त्यासाठी 1950 चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आहे. शेतीचे बारीक तुकडे पाडून विकण्यावर 1947 च्या तुकडेबंदी कायद्याची बंधनं आहेत ती वेगळीच. इतक्या वेगवेगळ्या जमिनी आपल्या संकेतस्थळावर एकाच चित्राखाली, एकाच रंगात, एका ओळीत दिसतात.

आमच्या बाबतीत काय झालं ते सांगते. मालेगाव रोडच्या पुढच्या भागातली एक जाहिरात होती. ‘एनए प्लॉट, क्लिअर टायटल’ असं लिहिलेलं, वर पडताळणीची हिरवी खूण. भाव आमच्या आवाक्यातला. गट नंबर विचारला तर एजंट आधी टाळाटाळ करत होता. माझ्या यजमानांनी लावून धरल्यावर त्याने दिला. महाभूलेखवर बिनस्वाक्षरीचा सातबारा फुकट पाहता येतो, तो आम्ही उघडला. जमीन शेतीची, धारणा प्रकार भोगवटादार वर्ग-2, आणि इतर हक्कात इनामाची नोंद. निजामाच्या काळापासूनच्या इनाम जमिनी मराठवाड्यात गावोगावी आहेत. अशा वर्ग-2 च्या जमिनीला सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हात लावला तर व्यवहार अडकतो, शर्तभंगाची कारवाई होऊ शकते. हे एजंटला सांगितलं तर म्हणाला, ‘ताई, इकडं सगळे रजिस्ट्रीशिवाय नुसत्या बाँडवरच घेतात, पुढं होऊन जातं.’ आम्ही इसार दिला नाही, म्हणून वाचलो. पण ज्याला सातबारा वाचता येत नाही, जो आयुष्याची पुंजी घेऊन आपल्या हिरव्या खुणेवर विश्वास ठेवतो, त्याचं काय? या विचाराने मला खरोखर अस्वस्थ केलं आहे.

ती जाहिरात मी लगेच आपल्याकडे कळवली. ‘माहिती जाहिरातदाराने दिलेली असते’ एवढंच उत्तर आलं. मग पडताळणी कशाची केली होती? बहुधा फक्त मोबाईल नंबरची. तसं असेल तर तसं स्पष्ट लिहा: ‘फोन नंबर तपासला, जमीन नाही’. आज पत्र लिहीत असतानाही ती जाहिरात हिरव्या खुणेसह तिथेच आहे.

दुसरा त्रास गावांच्या नावांचा. शोधात ‘नांदेड’ लिहिलं की निम्मं पान पुण्यातल्या सिंहगड रोडवरच्या नांदेड सिटीने भरतं. ‘सिडको’ लिहिलं की नवी मुंबई येते, जणू नांदेडला आणि संभाजीनगरला सिडको नाहीच. संभाजीनगरचा सातारा परिसर, म्हणजे बीड बायपासपलीकडचा खंडोबाच्या देवळाचा भाग. तिथले फ्लॅट आपण सातारा जिल्ह्यात टाकले आहेत. शहराचं नाव 2023 मध्ये बदललं. काही जाहिराती जुन्या नावाखाली आहेत, काही नव्या. एक नाव टाकलं की दुसऱ्या नावाच्या दिसत नाहीत, आणि जुन्या नावाने शोधलं तर बिहारमधल्या औरंगाबादची घरंही येतात. धाराशिव आणि उस्मानाबादचं तेच. ही दुरुस्ती काही अवघड नाही. जुनं-नवं नाव एकाच शहराला जोडायचं आणि जाहिरात टाकताना जिल्हा व तालुका भरणं सक्तीचं करायचं. ‘शेंद्र्याजवळ’ म्हणून वाळूजचे फ्लॅट दाखवणं तरी त्याने थांबेल. शेंद्रा शहराच्या पूर्वेला, वाळूज पश्चिमेला. रोज पाळीला जाणाऱ्या पोराला मधलं सगळं शहर ओलांडावं लागेल.

‘कमी किमतीपासून’ अशी मांडणी निवडली की पहिल्या ओळीत येतं ‘1,500 रुपये’. तो असतो चौरस फुटाचा भाव. त्याखाली कोणी एकराचा भाव टाकलेला, कोणी पूर्ण प्लॉटची किंमत. क्षेत्रफळाच्या खान्यात नुसतं ‘2’ लिहिलेलंही चालतं. दोन गुंठे की दोन एकर? सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतात, बोलण्यात गुंठे, लेआउटमध्ये चौरस फूट. गुंठा 1,089 चौरस फुटांचा आणि आर साधारण 1,076 चा, एकर 40 गुंठ्यांचा. एवढा हिशोब संगणकाने करायचा नाही तर कोणी करायचा?

फ्लॅटमध्ये हीच गत कारपेट (घराच्या आतलं वापरता येणारं क्षेत्र) आणि सुपर बिल्टअपची आहे. एक जण 900 चौरस फूट लिहितो तो जिने-लॉबी धरून, दुसरा 650 लिहितो तो प्रामाणिकपणे कारपेट. घरं जवळपास सारखीच, पण चौरस फुटाच्या भावात पहिलं स्वस्त दिसतं आणि वर जातं. म्हणजे खरं सांगणारा मागे पडतो. 2016 च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्यात कारपेटची व्याख्या स्पष्ट दिलेली आहे. मांडणी फक्त त्यावर करा.

एकच फ्लॅट चार एजंटांच्या नावावर चार किमतींना, ‘मालक’ या खुणेखाली दलालाचा फोन, विकून गेलेली घरं तशीच वर, याबद्दल आपल्याकडे आधीच पुष्कळ तक्रारी असतील. मी वेगळं लिहीत नाही.

माझ्या मागण्या अशा. प्लॉटचे एनए, गुंठेवारी (नियमित आणि अनियमित वेगळे), गावठाण आणि शेती असे स्वतंत्र खाने करावेत. जमिनीच्या प्रत्येक जाहिरातीत गाव, गट नंबर आणि भोगवटा वर्ग भरल्याशिवाय ती प्रसिद्धच होऊ नये. लपवण्यासारखं नसेल तर विकणाऱ्याला अडचण असायचं कारण नाही. नोंदणी लागणाऱ्या नव्या प्रकल्पाचा, प्लॉटिंगचाही, महारेरा (राज्याचं रेरा प्राधिकरण) क्रमांक आणि एजंटचा नोंदणी क्रमांक जाहिरातीच्या तोंडावर दिसावा. महारेराने ऑगस्ट 2023 पासून प्रकल्पांच्या जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा केला आहे, तो आपल्या पानांवर मला क्वचितच दिसला. आणि ज्या पडताळणीच्या भरवशावर मी पैसे भरले ती झालेलीच नसल्याने योजनेची पूर्ण रक्कम परत करावी.

2020 च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांनुसार या तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एक महिन्यात होणं अपेक्षित आहे. तसं झालं नाही तर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून नांदेडच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पैसे भरल्याची पावती, जाहिरातीचे स्क्रीनशॉट, तो सातबारा आणि आपलं उत्तर सोबत जोडलं आहे.

बाकी दुरुस्त्यांना महिना लागला तरी मी समजू शकते. मालेगाव रोडची ती जाहिरात मात्र हे पत्र मिळेल त्याच दिवशी उतरवावी, आणि ज्यांनी ज्यांनी त्या एजंटचा नंबर आपल्याकडून घेतला त्या सगळ्यांना ‘ही जमीन एनए नाही, वर्ग-2 ची आहे’ असा संदेश पाठवावा. कोणी इसार द्यायच्या बेतात असेल तर तो थांबेल.

आपली,
एक ग्राहक, नांदेड
(नाव व मोबाईल क्रमांक आपल्याकडील खात्यात नोंदलेला आहे.)