बाबा, मुदत ठेव मोडू नका

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "कॉलेजच्या फीसाठी मुदत ठेव मोडतो." मी "बघू" म्हणून विषय बदलला आणि फोन ठेवल्यावर रडले. बाबा, ठेव मोडू नका. फीची सोय झाली आहे. पण ती कशी झाली हे सांगायचं तर तुमच्यापासून लपवलेली गोष्ट आधी सांगायला हवी.

2021 च्या फेब्रुवारीत छोटी सात आठवडे आधी झाली, तेव्हा माझं दुसरं सेमिस्टर चालू होतं. ती काचेच्या पेटीत, करोनामुळे तुम्हाला येता येईना. रोज फोनवर "अभ्यास चालू आहे" म्हणायचे, पण मी वर्गात जाणंच सोडलं होतं. नाव काढून घ्यायचा साधा अर्जही केला नाही. चारही विषयांत एफ, म्हणजे नापास. फीसाठी इथल्या अमेरिकन सरकारकडून मिळालेल्या मदतीतली काही रक्कम कॉलेजला सरकारकडे परत भरावी लागली आणि ती बाकी माझ्या नावावर चढली. तुमच्या जावयांनी आणि मी ती दीड वर्ष हप्त्यांनी फेडली.

मला वाटलं होतं, चार वर्षं गेली की जुनं पुसलं जातं. तसं होत नाही. पेल ग्रँट (सरकारची सहसा परत न करायची मदत) असो की सरकारी कर्ज, अभ्यासात समाधानकारक प्रगती दाखवावीच लागते आणि त्यात अगदी पहिल्या सेमिस्टरपासूनचं सगळं धरतात. आमच्या कॉलेजात गुणांची सरासरी 4 पैकी 2.0 हवी आणि घेतलेल्या क्रेडिटांपैकी, म्हणजे विषयांना ठरवून दिलेल्या अंकांपैकी, 67 टक्के पूर्ण हवीत. माझी 24 पैकी 9. पहिल्या सेमिस्टरला मधेच सोडलेला एक विषयसुद्धा त्या 24 मध्ये मोजला गेला. छोटीच्या चित्रकलेच्या वहीत मागच्या पानावर मी आकडे मांडले: पुढची 24 एकही न पडता निघाली, तर 48 पैकी 33, म्हणजे जेमतेम 69 टक्के. तोवर पदरचे पैसे घालायचे, नाहीतर मदत मिळावी म्हणून कॉलेजच्या कमिटीकडे अपील करायचं.

अपिलाचा पहिला खर्डा चार पानं झाला. कॉलेजच्या सल्लागार बाईंनी तो शांतपणे वाचला आणि विचारलं, "तेव्हा काय झालं ते कळलं. आता काय बदललंय?" नियमच तसा आहे. का जमलं नाही आणि आता का जमेल, दोन्ही सांगावं लागतं. मग दीड पानाचं पत्र केलं. सोबत हॉस्पिटलचे कागद आणि छोटीच्या शाळेच्या वेळा जोडल्या. ती शाळेत असते तेव्हाच माझे तास. त्या कमिटीतल्या एकाही माणसाला मी ओळखत नाही. त्यांच्यापुढे कबूल केलं ते तुम्हाला चार वर्षं सांगितलं नव्हतं, याची फार लाज वाटली. म्हणून हे पत्र.

अपील मंजूर झालं, पण एकाच सेमिस्टरपुरतं. घेतलेले तिन्ही विषय पास व्हायचे, एकही सोडायचा नाही. शेवटी ते पुन्हा तपासणार. ठरवून दिलेल्या आराखड्याप्रमाणे चालले तर मदत पुढे चालू राहील. आणि आई, तू पेन्शनच्या कागदांचं विचारलं होतंस, ते नकोत. लग्न झालेल्या विद्यार्थ्याला आई-वडिलांचं उत्पन्न विचारत नाहीत.

स्टॅटिस्टिक्स जड जातंय. म्हणून मंगळवारी आणि गुरुवारी कॉलेजच्या शिकवणी केंद्रात बसते. तिथे पैसे पडत नाहीत. पहिल्या चाचणीत 100 पैकी 81 मिळाले. तो कागद फ्रिजवर छोटीनेच चिकटवला, उलटा.

डिसेंबरात निकाल लागेल. तो जसा असेल तसा, त्याच दिवशी, तुम्हाला फोनवर वाचून दाखवीन.

तुमची लेक