तात्या, ही घ्या पोच

ती. तात्या,
सा. नमस्कार.

पत्र सगळ्यांनी वाचावं असं लिहितेय, पण तुमचं नाव घालत नाही. घातलं तर तुम्ही सहा महिने बोलायचे नाही. आटपाडी तालुक्यात तात्या गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे कुणाला पत्ता लागायचा नाही. ज्यांना लागेल त्यांना ही गोष्ट आधीच ठाऊक आहे.

परवा आईनं सोसायटीचं पीककर्ज काढलं. स्वतःच्या नावाच्या सातबाऱ्यावर. सही करताना तिचा हात थरथरला, तसा क्लार्क म्हणाला, अंगठा दिला तरी चालंल. आई म्हणाली, "न्हाय. सहीच करणार." आणि चांगली पाच मिनिटं लावून केली. मागं रांग खोळंबली होती, पण तिनं मान वर केली नाही.

२०१० च्या दिवाळीनंतर वडील गेले. आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. तेरावं उरकलं न् उरकलं तोच चुलते चावडीत जाऊन आले. सगळी जमीन त्यांच्या एकट्याच्या नावावर, 'ए.कु.मॅ.' म्हणून लावायची. एकत्र कुटुंब मॅनेजर. मी बारावीत होते. मॅनेजर बँकेत असतो एवढंच मला माहीत. आईला त्यांनी सांगितलं, "पोरी उद्या लग्न होऊन जाणार, सातबाऱ्यावर कशाला गर्दी?" आईनं मान डोलावली. दुसरं काय करणार होती?

तुम्हाला कुणी सांगितलं ते अजून कळलं नाही. तुम्ही रात्रभर पाणी पाजून आला होता. आमच्याकडं तेव्हा शेतीची लाईट आली तर रात्रीच यायची. पायाला चिखल, पँट पोटरीपर्यंत दुमडलेली, आणि अकरा वाजता पंचायत समितीची मीटिंग. आमच्या सोप्यात बसून तुम्ही कोरा कागद मागितला. मला वाटलं, आता तात्या अर्ज लिहिणार. तुम्ही पेन माझ्याच हातात दिलं. "मी लिवला तर माझा अर्ज हुईल. तुझा तू लिव्ह."

मी सुरुवात केली, 'कृपा करून आमची नावे...' तिथंच तुम्ही थांबवलं. "वारसाला कृपा कशाला लागती? ती दोन शब्दं खोड. 'नोंद करण्यात यावी' म्हण." तीन कागद वाया गेले. बापाच्या हिश्श्याला बायको आणि मुली पहिल्या वारस, हा कायदा १९५६ पासूनचा आहे, हे मला त्या सोप्यात कळलं. शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

अर्ज देऊन आले तर तुमचा पहिला प्रश्न, "पोच कुठाय?" पोच घेतली नव्हती. पुन्हा पाठवलंत. तलाठी म्हणाले, पोच कशाला, मी हाय की इथं. तेव्हा तुम्ही चावडीच्या बाकावर येऊन बसलात. एक शब्द बोलला नाहीत, नुसती तंबाखू मळत बसलात. शिक्का, तारीख, सही, सगळं मिळालं. पुढं नोटीस निघाली, पंधरा दिवसांच्या आत चुलत्यांची हरकत आली, प्रकरण सहा-अ च्या, म्हणजे वादातल्या नोंदींच्या, रजिस्टरला चढलं, मंडळ अधिकाऱ्यांपुढं दोन तारखा झाल्या. दोन्हीला तुम्ही दाराबाहेर उभे. आत मीच बोलायचं असं ठरलेलं. फेरफार मंजूर झाला त्या दिवशी आईनं तिन्ही नावं माझ्याकडून चार वेळा वाचून घेतली. आणि तुम्ही तिला म्हणालात, "वहिनी, आता सही शिका."

पुढचं मला उशिरा कळलं, तेही आत्याकडून. फेब्रुवारी २०१२ ला तुम्ही पंचायत समितीच्या गणातून पुन्हा उभे होता. एकतीस मतांनी पडलात. आमच्या भावकीची साठ मतं. सोसायटीचे संचालक, मग सरपंच, मग पंचायत समिती, असा वर चढलेला माणूस कुठल्या आळीत किती मतं आहेत हे झोपेत सांगतो. म्हणजे त्या बाकावर बसलात तेव्हाच तुम्ही हे मोजलेलं असणार. आमच्याजवळ कधी चकार शब्द काढला नाहीत. निकालाच्या दुसऱ्या दिवशी डाळिंबावर तेल्या रोगाची फवारणी करत होता म्हणे.

त्याच्या पुढच्या दुष्काळात तुमच्याकडं ना पद होतं ना गाडी. तरी चारा छावणीत रात्री तुम्हीच झोपायला. चुलत्यांची म्हैस आडवी पडली तेव्हा डॉक्टरला घेऊन आलात तेही तुम्हीच. मला तेव्हा त्याचा राग आला होता, खोटं कशाला बोलू.

गावात टेंभू उपसा योजनेचं पाणी आलं तेव्हा चौकात बॅनर लागले. त्यावर तुमचा फोटो नव्हता. १९९३ पासून नागनाथअण्णा नायकवडींच्या पाणी परिषदांना ट्रकमधून भाकरी बांधून जाणारी पोरं त्या बॅनरवर बसलीही नसती म्हणा. कऱ्हाड तालुक्यात कृष्णेचं पाणी उचलायचं आणि टप्प्याटप्प्यानं चढवत आमच्या माळावर आणायचं, हे तेव्हा लोकांना येड्याचं बोलणं वाटायचं, असं तुम्हीच सांगता. फार वेळा सांगता. माईक हातात आला की तुम्ही सोडत नाही, हे लिहिल्याशिवाय पत्र खरं व्हायचं नाही. आणि तुमच्या सरपंचकीतल्या समाजमंदिराचा स्लॅब अजून गळतो.

मी आता पुण्यात नोकरी करते. ऑफिसात कुठलाही अर्ज लिहिताना बोटं 'कृपा करून' टाईप करतात आणि मी ते खोडते.

दिवाळीला येतेय. आईनं तुमच्यासाठी डाळिंबाची पेटी बाजूला काढून ठेवलीय, आमच्या तिघींच्या सातबाऱ्यावरची. गेल्या वर्षी परत पाठवलीत, तशी पाठवू नका. ठेवून घ्या आणि पोच द्या. तारीख घालून, सहीसकट.

तुमची,
अर्ज तीनदा लिहिणारी