पिंजऱ्यातले दिवसही मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले काही दिवस तुमच्या पेपरात प्राण्यांवरचे प्रयोग आणि पोल्ट्री यावरून पत्रं येतायत, मी सगळी वाचली. एक बाजू म्हणते हे सगळं उद्याच्या उद्या बंद करा, दुसरी विचारते माणसाचा जीव मोठा की उंदराचा, आणि तिथेच गाडी अडते. दोघंही बोलतात ते मरणाबद्दल, मारायचं की नाही मारायचं. पण जन्मल्यापासून मरेपर्यंत त्या जनावराचे दिवस कसे जातात याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

मी फार्मसीला होते तेव्हा कॉलेजच्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवतात तिथे, बरंच काम केलंय. उंदीर उचलायचा तो शेपटीला धरून, हे पहिल्याच दिवशी शिकवलं. पिंजऱ्याचं झाकण काढलं की सगळे कोपऱ्यात पळायचे आणि एकमेकांच्या अंगाखाली घुसायचे, मग त्यातल्या एकाची शेपटी धरून वर काढायचं, तो हवेत चारही पाय फाकवून कशाला तरी धरायला बघायचा आणि बऱ्याचदा आमच्या ग्लोव्हजवरच मुतायचा. आम्ही हसायचो. वाटायचं की उंदीर म्हणजे भित्रा, असाच असतो तो. खूप वर्षांनी वाचलं की लिव्हरपूल विद्यापीठातल्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी २०१० मध्ये एक साधीच गोष्ट करून बघितली होती. शेपटी सोडून द्यायची, उंदराला प्लास्टिकच्या नळीत शिरू द्यायचं आणि नळीसकट उचलायचं, नाहीतर सरळ ओंजळीत घ्यायचं. तर ते उंदीर थोड्याच दिवसांत आपणहून हाताजवळ यायला लागले, आणि शेपटीवाले मात्र तसेच लांब राहिले. म्हणजे त्यांना भित्रं आम्हीच केलं होतं. वाचून अक्षरशः लाज वाटली हो, एवढीशी नळी, ती कोणाला सुचू नये?

आणि हा नुसता दयेचा मामला नाहीये. घाबरलेल्या जनावराच्या अंगात स्ट्रेस हार्मोन चढलेले असतात, त्याने रक्तातली साखर बदलते, खाणंपिणं बदलतं, वागणं बदलतं, आणि आपण नेमकं तेच सगळं मोजून औषधाचा परिणाम म्हणून वहीत लिहितो. वेदनेचं पण तेच. उंदराला कुठं काय कळतं असं आम्हाला सीनियर सांगायचे, पण दुखत असेल तर उंदराचे डोळे बारीक होतात, नाक आणि गाल फुगल्यासारखे दिसतात, कान मागे जातात, मिशा ताठ होतात किंवा गालाला चिकटतात. २०१० मध्येच कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी यावरून वेदना किती आहे त्याला मार्क द्यायची पद्धत बसवली. बघायची सवय लागली की हे दिसतं, आम्ही कधी तोंडाकडे बघितलंच नव्हतं.

आता कोंबडीबद्दल, कारण पत्रं लिहिणाऱ्यांनी लॅबवर जेवढी शाई खर्च केली त्याच्या निम्मीसुद्धा पोल्ट्रीवर केली नाही, आणि आकड्यांनी बघितलं तर शेतीतल्या जनावरांपुढे लॅबमधली काहीच नाहीत. कोंबडीला मातीत लोळावं लागतं, पिसांतलं जुनं तेल आणि किडे जावेत म्हणून. लेअरच्या, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबडीच्या, पिंजऱ्यात माती कुठली, खाली तारेची जाळी. तरी ती बसते. पंख फुगवते, पायाने नसलेली माती उकरून अंगावर घेतल्यासारखं करते, मान जाळीला घासते, एका कुशीवर कलंडते, सगळं अगदी क्रमाने. जिने आयुष्यात माती बघितलीच नाही अशी कोंबडी पण हे करते. मी एका शेडमध्ये हे स्वतः उभं राहून बघितलंय आणि ते डोळ्यांपुढून जात नाही.

ब्रिटिश सरकारने नेमलेल्या ब्रॅम्बेल कमिटीने १९६५ मध्ये म्हटलं होतं की फार्मवरच्या जनावराला निदान उठता, बसता, वळता, अंग साफ करता आणि पाय पसरता आलं पाहिजे. किती लहान मागणी आहे बघा! तरी युरोपात साध्या बॅटरी केजवर, म्हणजे ओळीने लावलेल्या तारेच्या अरुंद पिंजऱ्यांवर, बंदी यायला २०१२ उजाडलं, म्हणजे ४७ वर्षं, आणि त्याआधीचा तिथला नियम एका कोंबडीला ५५० चौरस सेंटीमीटर जागा द्या म्हणायचा, ए-फोर कागद त्याहून मोठा असतो. लेअर जातीचे नर अंडी देत नाहीत आणि मांसही धरत नाहीत म्हणून पहिल्याच दिवशी मारतात. जर्मनीने २०२२ पासून ते बंद केलं, तिथे आता अंड्यातच नर की मादी ते तपासतात. मांसासाठीचा ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांत एवढा वाढवतात की कित्येकांना स्वतःचं वजन पायावर पेलत नाही. यात पोल्ट्रीवाल्याला एकट्याला शिव्या देऊन काही होणार नाही, कोंबडीची जात निवडणारी कंपनी वेगळी, भाव ठरवणारा वेगळा, खाणारे आपण.

मी सगळं बंद करा म्हणणाऱ्यांतली नाही, हेही सांगते. माझी आई रोज इन्सुलिन घेते आणि ते १९२१ मध्ये सापडलं ते कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून. त्या कुत्र्यांचं ऋण आहे माझ्या घरावर, ते मी नाकारणार नाही. पण म्हणूनच जे टाळता येतं ते टाळलं नाही तर मला राग येतो. रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्येच सांगून ठेवलंय की शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरं काही वापरा, लागलेच तर कमीत कमी वापरा, आणि जे वापराल त्यांना कमीत कमी त्रास द्या. पहिल्या दोन गोष्टींवर काम होतंय, सशाच्या डोळ्यात केमिकल टाकून बघायची १९४४ ची टेस्ट होती, तिच्या जागी आता बऱ्याच ठिकाणी लॅबमध्ये वाढवलेल्या माणसाच्या पेशी वापरतात. तिसरी मात्र प्रयोगांना परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीच्या फॉर्मवर टिक करण्यापुरती राहते, असा निदान माझा अनुभव आहे. फॉर्म आम्हीच भरायचो, उंदीर कसा उचलता हे त्यात कोणी विचारलं नव्हतं.

तुमच्याकडे एक मागणी आहे. उंदरांवर अमुक औषध यशस्वी अशी बातमी तुम्ही छापता तेव्हा एक ओळ वाढवा, किती प्राणी वापरले, वेदनाशामक दिलं होतं का, एकटे ठेवले होते की गटात. प्रयोगाच्या शोधनिबंधात काय काय लिहायचं याच्या अराइव्ह नावाच्या गाइडलाइन्स २०१० पासून आहेत, म्हणजे ही माहिती मूळ शोधनिबंधात असायलाच हवी, तुमच्या रिपोर्टरने फक्त शोधायची आहे. आणि शोधून सापडली नाही, तर सापडली नाही असं छापा.

आपली,
एक नियमित वाचक