गाळासोबत बियाणेही चालले आहे: मृद व जलसंधारण मंत्र्यांना खुले पत्र

मा. मृद व जलसंधारण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण डिसेंबरात नागपुरात येता, त्याच सुमारास हिमालयापलीकडून पट्टकादंब हंस विदर्भातल्या तलावांवर उतरलेले असतात. एखाद्या सकाळी वेळ काढून ते जरूर पाहावेत. माझा विषय मात्र ते ज्या पाण्यावर उतरतात, त्यातल्या वनस्पतींचा आहे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत त्यांचा विचारच झालेला नाही.

हे हंस उन्हाळ्यात जिथे घरटी करतात, त्या लडाखपासून सुरुवात करतो. त्सो कार खोऱ्यात साडेचार हजार मीटर उंचीवर दोन तलाव शेजारी शेजारी आहेत. स्टार्टसापुक त्सो गोड्या पाण्याचा, तर त्सो कार इतका खारट की काठावर मिठाचा पांढरा थर साचतो. 2020 मध्ये हे खोरे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आले. पक्षी एका तलावातून दुसऱ्यात काही मिनिटांत पोहोचतो, पायाला चिकटून किंवा पोटातून बीही नेतो. पण गोड्या पाण्यातल्या झाडाचे बी खारट पाण्यात पडले म्हणून रुजत नाही.

उंचावरच्या पाणवनस्पतींत जनुकीय फरक नुसत्या अंतराने ठरत नाही तो यामुळेही. मध्ये डोंगररांग आली की एकाच जातीची दोन तळ्यांतली झाडे पिढ्यान्‌पिढ्या वेगळी होत जातात. तीच तळी एका नदीवर असतील, तर प्रवाह तुकडे आणि बिया खाली नेतो आणि साम्य टिकते. त्यावर खारटपणा, गोठलेले महिने, अतिनील किरणे यांची निवड चालूच असते, म्हणजे ते सोसणारीच झाडे उरतात. हंगाम तोकडा असल्याने बी धरणेही अवघड. मग झाड तुकड्यांतून, सरपटत्या खोडांतून वाढते आणि कधी कधी तळ्याचा मोठा भाग एकाच झाडाच्या प्रतींनी भरतो. वरून हिरवेगार दिसते, पण संकट आले तर सगळ्यांची कमजोरी एकच.

आता आपल्याकडे या. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर मिळून हजारो माजी मालगुजारी तलाव आहेत. कोहळी समाजाने ते बांधले, 1950 च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली आणि तलाव सरकारकडे आले. इथे बर्फ नाही, पण मे महिना आहे. त्या दिवसांत आटलेल्या तलावात वीतभर खोदून पाहा. वरचा थर भेगाळलेला, दगडासारखा. खाली काळा, किंचित ओलसर गाळ, त्यात बारके कंद, शिंगाड्याची टोकेरी फळे, बोटांत चोळल्यावर जाणवणाऱ्या बिया. पुढच्या पावसात तलाव यातूनच उभा राहतो. इथल्या कोरड्या उन्हाळ्यांतून तगलेले हे वाण आहेत. पोकलेनने तळ खरवडला की ते टिप्परमध्ये बसून शेतात जातात.

गाळ काढू नये, असे मी म्हणत नाही. शेतकऱ्याला तो हवा आहे आणि तलावाची साठवणही वाढायला हवी. पण सरसकट खरवडलेल्या तळात आधी बेशरमाची झुडपे आणि जलपर्णी घुसतात. अंबाझरीवर जलपर्णीचा त्रास नागपूरकरांनी पाहिला आहेच. जगभर पसरलेली जलपर्णी बव्हंशी एकाच झाडाच्या प्रती आहे. सांडपाण्याचे फुकटचे खत मिळते तोवर तिला विविधतेची गरज पडत नाही. आटणाऱ्या, भरणाऱ्या, कधी दुष्काळात दोन-दोन वर्षे अर्धे राहणाऱ्या तलावात देशी वनस्पतींना मात्र ती लागते. त्या गेल्या की मासळीची अंडी घालायची जागा जाते, आणि ढीवरांच्या जाळ्यात काय येते ते त्यांनाच विचारा.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक तलावाच्या गाळकामात तळाचा काही भाग, उथळ आणि खोल दोन्हीकडचा, हात न लावता सोडावा. तो कुठला, हे ढीवरांच्या मच्छीमार संस्थेला विचारून ठरवावे. कंत्राटदारावर सोडू नये. लागवड करायचीच झाली तर रोपे त्याच नाल्यावरच्या, त्याच खोऱ्यातल्या तलावातून आणावीत. एका रोपवाटिकेतले एकच वाण जिल्हाभर वाटणे म्हणजे पैसे खर्चून विविधता घालवणे. जंगलातून भरणारा तलाव आणि धानाच्या बांध्यांतून भरणारा तलाव एका तालुक्यात असले तरी त्यांचे पाणी एक नसते, हे लडाखच्या त्या दोन तलावांवरून कळायला हवे.

काम सुरू होण्याआधी प्रत्येक तलावातल्या वनस्पतींचे नमुने आणि बिया जतन कराव्यात, आणि कोणत्या तलावांचा साठा खरोखर वेगळा आहे हे डीएनए तपासून नोंदवावे. नागपुरात नीरी ही राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्था आहे, विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग आहे. बाहेरून कुणाला बोलवावे लागणार नाही.

येत्या उन्हाळ्याच्या निविदा निघण्याआधी या अटी त्यांत याव्यात, ही विनंती.

आपला,
नागपूरचा एक वनस्पतिशास्त्र शिक्षक